एक रिकामी पुंगळी

मी नायक विष्णू महाडिक, पायदळ, सतरा वर्षं नोकरी. गाव महाड तालुक्यात. पेन्शन घेऊन सौदीला आलो, त्याला आता वीस वर्षं होत आली. दम्मामच्या बाहेर एका कंपाउंडवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेट, बूम, गाड्यांखाली फिरवायचा आरसा, बारा तासांची ड्यूटी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आहे माझं. अजून चारला उठतो आणि बूट स्वतः पॉलिश करतो.

इथली मराठी मंडळी सव्वीस जानेवारीच्या जवळच्या शुक्रवारी जमतात. शहराबाहेरचा एखादा इस्तिराहा भाड्याने घेतात. इस्तिराहा म्हणजे एक हॉल, थोडी हिरवळ, मुलांना झोपाळे. मिसळ असते, श्रीखंड-पुरी असते, मुलांचे नाच असतात. मग माइकवरून पुकारा होतो, "आता आपले फौजीकाका दोन शब्द बोलतील." मी बोलतो. बर्फ, बंकर, उणे वीस अंश. लोकांना तेच हवं असतं. टाळ्या पडतात आणि मी मिसळ खाऊन घरी येतो.

यंदा डिसेंबरच्या शेवटी सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा ही लान्स नायक जयराम सकपाळची मुलगी. जयराम माझ्या सेक्शनमधला. तो गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता तिचा नवरा जुबैलला इंजिनियर आहे, दम्मामला फ्लॅट आहे, आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, ईरा.

"काका, या वेळी बर्फ नको," ती म्हणाली. "बाबांचं सांगा. दंगलीत त्या आजीला वाचवताना ते कसे गेले, ते. मी ईराला सांगते तर ती विचारते, मम्मा, इज इट ट्रू, ऑर जस्ट अ स्टोरी? तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

"बघू," मी म्हणालो. जयराम कुणालाही वाचवताना गेला नव्हता. ती गोष्ट मी रचली होती. सुवर्णा त्या गोष्टीवर वाढली, आणि आता तीच गोष्ट मी तिच्या मुलीला शंभर माणसांसमोर खरी म्हणून सांगावी, असं तिला वाटत होतं.

जे झालं ते क्रमाने लिहितो.

शहराचं नाव घेत नाही. कोण कुणाशी भांडलं, तेही नाही. नाव घेतलं की ऐकणारा लगेच बाजू धरतो आणि जयराम राहतो बाजूला. मोठं शहर होतं, आपल्याच देशातलं. आमची बटालियन तिथून साठ किलोमीटरवर पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून दूरच्या छावणीत होती. आंतर-कंपनी हॉकीचे सामने चालू होते. संध्याकाळच्या गणतीला हुकूम आला, एड टू सिव्हिल. पोलिसांच्या हाताबाहेर गेलं की फौज बोलावतात, त्याला हे नाव.

त्या ड्यूटीचे नियम वेगळे असतात. सरहद्दीवर समोर शत्रू असतो. इथे समोर आपलीच माणसं. कॉलमबरोबर, म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या तुकडीबरोबर, मॅजिस्ट्रेट असतो. त्याने लिहून दिल्याशिवाय गोळी नाही. दोन बांबूंना ताणलेलं कापडी बॅनर असतं, त्यावर तिथल्या भाषेत लिहिलेलं: जमाव बेकायदा आहे, पांगा, नाहीतर गोळी चालेल. बिगुल वाजवायचा. थांबायचं. हवेत गोळी झाडायची नाही, ती कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन पडते. नेमका माणूस, कमरेखाली, एक राउंड.

आणि शेवटचा नियम. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी उचलून परत आणायची. फौजेत आम्ही तिला खोखा म्हणतो. रेंजवरसुद्धा मोजून द्यावी लागते, पण शहरात तिचं वजन निराळं. एक पुंगळी मागे राहिली की उद्या कुणीही ती दाखवून म्हणणार, फौजेने एक नाही, दहा झाडल्या. तेव्हा नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही.

सेक्शनचा हवालदार रजेवर होता, म्हणून सेक्शन माझ्याकडे. आठ जण, माणशी वीस राउंड, एकूण एकशे साठ. सही माझी. वय सत्तावीस.

जयराम माझ्याहून एक वर्षाने लहान. गाव पोलादपूरकडे, आमच्यापासून दोन डोंगर पलीकडे. सेक्शनमधला सगळ्यात चांगला नेमबाज आणि सगळ्यात बडबड्या. लंगरमध्ये आचाऱ्याशी भांडायचा, "अरे बाबा, डाळ झाली, राजमा झाला, कधीतरी सुकट दाखव की!" मुलीचा फोटो पे-बुकात ठेवायचा. मला उस्ताद म्हणायचा.

पहिले चार दिवस एका गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. चोवीस तास कर्फ्यू, सकाळी आठ ते दहा सूट. पहिल्या दिवशी लोकांनी खिडक्यांतून हात जोडले. तिसऱ्या दिवशी त्याच खिडक्यांतून आमच्यावर चुलीतली राख पडली. कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिला दुधाच्या रांगेत उभं राहवायचं नाही. जयराम रोज तिचं भांडं घेऊन जायचा आणि अर्धा लिटर आणून द्यायचा. ती त्याच्या गालावरून हात फिरवायची. मी एकदा टोकलं, "पोस्ट सोडून जातोस." तो म्हणाला, "उस्ताद, पोस्ट इथून दिसते, आणि म्हातारी पण दिसते."

पाचव्या दिवशी, दहा पन्नासला, वायरलेस सेटवर आवाज आला. ब्राव्हो वन म्हणजे आम्ही.

"ब्राव्हो वन, ब्राव्हो वन. घंटाघर चौक. जमाव दोनशे. मूव्ह नाऊ. ओव्हर."

"ब्राव्हो वन. विल्को. आउट."

अकरा पाचला पोचलो. चौकाच्या एका अंगाला लाकडाची वखार, वर बिऱ्हाडं, खिडक्यांत बायकापोरं. समोर जमाव, पुढच्यांच्या हातांत बाटल्या, बाटल्यांच्या तोंडाला चिंध्या. बॅनर उघडलं. बिगुल वाजला. लाउडस्पीकरवरून तीनदा सांगितलं. जमाव पुढेच सरकला. मॅजिस्ट्रेट पोरगेलाच होता. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली. कंपनी कमांडर मेजरसाहेब माझ्याजवळ आले.

"महाडिक. निळा शर्ट, बोतलवाला. घुटने के नीचे. एक राउंड."

"जी, साब." मी वळलो. "जयराम. निळा शर्ट. गुडघ्याखाली. एक राउंड. फायर."

अकरा अठरा. निळा शर्ट पडला. बाटली त्याच्या हातातून सुटून रस्त्यावर फुटली, पेटली नाही. जमाव फुटला. दोघांनी त्याला बखोटीला धरून गल्लीत ओढत नेलं. तो जगला की नाही मला माहीत नाही. त्याचं नावही माहीत नाही.

एका मिनिटात चौक रिकामा झाला. चपला पडल्या होत्या सगळीकडे. मेजरसाहेबांनी हात फिरवला, "कॉलम, वापस. पाच मिनट."

पुंगळी रायफलीतून उजवीकडे उडाली होती. आम्ही तिचा आवाज ऐकला होता, फरशीवर तीनदा टणटण, मग गटाराकडे. बंद दुकानापुढे एक लाकडी फळी होती, गटारावर टाकलेली. पुंगळी तिच्या खाली गेली होती.

जयराम म्हणाला, "उस्ताद, जाऊ दे ना. वरती सगळ्या गच्च्या आहेत. पोलिस आले की काढतील."

"पोलिसांनी काढली तर आपण काय द्यायचं? खोखा शोध. त्याशिवाय सेक्शन हलणार नाही."

"हुकूम," तो म्हणाला, आणि हसला. गुडघे टेकले. हेल्मेटसकट डोकं फळीखाली जाईना, म्हणून हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. मी ते पाहिलं. ओरडायला हवं होतं. निदान दोघांना गच्च्यांवर नजर ठेवायला सांगायला हवं होतं. हे रिक्रूटलासुद्धा शिकवतात. मी घड्याळाकडे बघत होतो.

अकरा बावीस. तिसऱ्या मजल्यावरून पाटा आला. घरोघरी असतो तसला, मिरची-खोबरं वाटायचा. वर पाहिलं तेव्हा कठड्यावर कुणी नव्हतं.

"टायगर फॉर ब्राव्हो वन. वन कॅज्युअल्टी. हेड. इमिजिएट. ओव्हर." सेटवर मुख्यालयाला मीच कळवलं.

मिलिटरी हॉस्पिटल, अकरा पन्नास. तेरा चाळीसला तो गेला. संध्याकाळी मी दारूगोळा जमा केला. एकशे एकोणसाठ राउंड, एक खोखा. काउंट पूरा.

कोर्ट ऑफ एन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. लान्स नायक सकपाळ तिथे काय करत होता? रिकामी पुंगळी शोधत होता, सर. हेल्मेट का काढलं? फळीखाली वाकायला, सर. ठीक. सगळं नियमाला धरून होतं. कुणावरही ठपका नाही. पाच मिनिटं थांबून, वर माणसं ठेवून शोधता आलं नसतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शव घेऊन मला जयरामच्या गावी पाठवलं. अंगणात सगळं गाव होतं, सरपंच, पोलिस, शाळेची मुलं. जयरामची बायको समोर येऊन उभी राहिली, कडेवर सुवर्णा. "कसं झालं, भावजी?" एवढंच म्हणाली. बोटाएवढ्या पितळेसाठी झालं, आणि मी त्याला वाकायला लावलं, हे तिला सांगायला माझं तोंड उघडेना. मग मला ती दुधाची म्हातारी आठवली. मी म्हणालो, "एका म्हातारीला वाचवायला गेला, वहिनी. तिला ओढून बाजूला केलं आणि दगड त्याच्यावर आला."

रडता रडता तिने मान हलवली. आजूबाजूला लोक म्हणाले, शाबास रे वाघा. वर्षभराने शाळेच्या फाटकावर तेच दगडात कोरलं. मी रजेवर जायचो तेव्हा मला बोलवायचे, खुर्ची द्यायचे, हातात नारळ द्यायचे. मी तो घ्यायचो.

हे पहिल्यांदा ज्याला सांगितलं तो आपला माणूसही नव्हता. मी दम्मामला आलो तेव्हा कंपाउंडवर मिस्टर डेल नावाचा अमेरिकन सिक्युरिटी ॲडव्हायझर होता, साठीला टेकलेला. माझं डिस्चार्ज बुक बघताना त्याने विचारलं, कुठे कुठे होतास? मी सांगत गेलो. दंगल ड्यूटी म्हणालो, तशी त्याने पेन खाली ठेवला.

त्याच्या तरुणपणी तिकडे काळ्या लोकांच्या हक्कांची चळवळ चालू होती. शहरं पेटली होती. दंगल थांबल्यावर डेलला, एकोणीस वर्षांच्या नॅशनल गार्डच्या जवानाला, त्याच्याच राज्यातल्या एका शहरात उभं केलं. बेकरीचा कोपरा, रायफलीला संगीन, सात दिवस. रोज सकाळी एक काळी बाई कामावर जायला त्याच्या लाइनपाशी यायची. पास नव्हता. सातही दिवस त्याने तिला परत पाठवलं. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "पोरा, तू इथे माझी राखण करतोस, की माझ्यापासून कुणाची?"

"मी नंतर परदेशात लढाईवर गेलो," डेल म्हणाला. "त्याबद्दल लोक अजून विचारतात. त्या कोपऱ्याबद्दल एकाने विचारलं नाही. आणि मी तिला शोधून तिचं काम टिकलं की गेलं, ते विचारलं नाही. आता ती कुठली असणार!"

मग मी त्याला जयरामचं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, पण सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या माणसाची बायको आहे. मुलगी आहे. तू अजून विचारू शकतोस, सांगू शकतोस. माझ्याएवढा होईपर्यंत थांबू नकोस." पुढच्या वर्षी तो मायदेशी गेला. मी थांबलो. त्याच्याएवढा झालो.

सुवर्णाच्या फोननंतर तीन आठवडे मी टाळत होतो. माझा रूम पार्टनर इक्बाल, म्हसळ्याचा, कंपनीची बस चालवतो. जीभ तिखट, पण माणूस सोन्यासारखा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी ताटावर बसून नुसता भात चिवडत होतो. त्याने विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्याने भाताची पातेली झाकली.

"तू फौजी ना रे? गोळीसमोर उभा राहिलास, नि पोरीसमोर तुझी फाटते?"

"तिचं काय होईल, इक्बाल?"

"ते ती बघंल. तुझं तू बघ. उद्या स्टेजवरून त्या नातीला खोटं सांगितलंस, तर परवा मला तोंड दाखवू नको. यल्ला, ऊठ. गाडी काढतो."

दुपारी चारला सुवर्णाकडे पोचलो. नवरा जुबैलला कामावर, ईरा आतल्या खोलीत अभ्यासाला. सुवर्णाने चहा ठेवला, डिंकाचे लाडू पुढे केले. समोर भिंतीवर जयराम, युनिफॉर्ममध्ये, चंदनाचा हार. मी लाडू ताटलीत परत ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. वेळेसकट सांगितलं. निळा शर्ट, फळी, हेल्मेट, माझा हुकूम. अंगणात मी काय बोललो, तेही.

ती मधे एकदाच बोलली. "आजी होती की नव्हती?"

"होती. तो तिला रोज दूध आणून द्यायचा. वाचवलं मात्र नव्हतं."

ती हारावरची धूळ बघावी तशी फोटोकडे बघू लागली. मग म्हणाली, "काका, दर दिवाळीला आई फराळाचं पहिलं ताट त्या आजीच्या नावाने गाईला घालायची. म्हणायची, ती जिथे असेल तिथे सुखी असू दे, तिच्यात तुझे बाबा जगलेत. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तिच्या हयातीत का नाही आलात?"

भ्यालो होतो, हे उत्तर आहे, पण ते तिच्यापुढे तोंडातून निघालं नाही.

"किती सेकंद लागले असते हो, वर बघायला?" तिचा आवाज चढला. "किती?" आतून ईरा दारात येऊन उभी राहिली. सुवर्णाने तिला हाताने परत पाठवलं आणि माझा अर्धा चहा उचलून नेला. सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आला.

मी उठलो. दारापाशी ती मागून म्हणाली, "उद्या या. हेच सांगा. ईराला मी सांगू शकणार नाही."

शुक्रवारी इस्तिराह्यात वारा होता, हिरवळीवरचे फुगे तुटून उडत होते. मुलांचे नाच झाले. माइकवरून पुकारा झाला, फौजीकाका. लोक बर्फ ऐकायला सरसावून बसले. मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. मग एड टू सिव्हिलपासून काउंटपर्यंत सगळं सांगितलं. हुकूम माझा होता, हे दोनदा सांगितलं. आणि शाळेच्या फाटकावर जे कोरलंय ते खरं नाही, तेही.

कुणी टाळी वाजवली नाही. माइक मागायला आलेला आयोजक तसाच उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी, "अरेरे," म्हणालं. सुवर्णा तिसऱ्या रांगेत होती, मान खाली. मी खाली उतरायला वळलो, तेवढ्यात ईरा खुर्चीवर उभी राहिली.

"अंकल," ती म्हणाली, "डिड ही फाइंड इट?" मग लोक बघायला लागले म्हणून तिला वाटलं मला कळलं नाही, आणि तिने मराठीत विचारलं, "आजोबांना सापडली का ती?"

कोर्ट ऑफ एन्क्वायरीने काउंट बरोबर आहे एवढंच पाहिलं होतं. डेलने विचारलं नव्हतं, इक्बालने नाही. काल सुवर्णालाही मी हे सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हे एवढं आपल्याजवळ राहू दे.

"सापडली होती, बाळ," मी म्हणालो. "हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्याची उजवी मूठ उघडली, तेव्हा आत होती. घट्ट धरली होती. मी ती नळाखाली धुतली आणि संध्याकाळी जमा केली."

सुवर्णाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग ईराला खुर्चीवरून उतरवून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घालून रडली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. माझा तिच्यावर हक्क नाही, म्हणून मीही फोन केलेला नाही. गावच्या शाळेला मात्र पत्र लिहिलं आहे. फाटकावर काय कोरायचं ते सुवर्णाला विचारा, असं त्यात लिहिलं आहे.

मला विचारलं असतं तर मी एवढंच कोरायला सांगितलं असतं. लान्स नायक जयराम सकपाळ, वय सव्वीस. एका म्हातारीला रोज दूध आणून द्यायचा. दिलेला हुकूम पुरा करून गेला. हुकूम नायक विष्णू महाडिकचा होता.